पाठीवरचं ओझं

ट्रेकची सॅक भरणं म्हणजे टिपिकल ऑप्टिमायझेशन प्रॉब्लेम. इंजिनिअरिंगला अल्गोरिदम शिकलेल्या मंडळींना 'नॅपसॅक प्रॉब्लेम' आठवत असेल. पिशवीची क्षमता ठरलेली, वस्तू ढीगभर, प्रत्येकीचं वजन वेगळं आणि उपयोग वेगळा. काय घ्यायचं, काय ठेवायचं? पण एक प्रश्न त्या पुस्तकी गणितात कधीच येत नाही. पिशवी उचलणार कोण?

हलक्या सॅकचा इतिहास चाळला की हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. आणि गंमत म्हणजे वजन कमी करायची कला पैलवान गड्यांनी शोधलेली नाही, तर ज्यांना जड ओझं झेपणारंच नव्हतं अशा माणसांनी!

पहिला मानकरी जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स. टोपणनाव 'नेसमुक', राहणार पेनसिल्व्हेनिया. एकोणिसाव्या शतकात न्यू यॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅकच्या जंगलात शहरी श्रीमंत मंडळी सुट्टीला जायची. सोबत पगारी गाइड. तोच होडी वल्हवणार, एका तळ्यापासून दुसऱ्या तळ्यापर्यंत ती खांद्यावरून नेणार, वर स्वयंपाकही करणार. थोडक्यात, साहेबांचा आराम दुसऱ्याच्या पाठीवर. नेसमुककडे एवढे पैसे नव्हते. उंची सव्वापाच फूट, वजन पन्नास किलोच्या आसपास, वय साठीच्या पुढे, त्यात क्षयाने पोखरलेली फुप्फुसं. मग त्याने जे. हेन्री रश्टन नावाच्या कारागिराकडून स्वतःपुरत्या हलक्या होड्या बनवून घेतल्या. त्यातली १८८३ सालची 'सेरी गॅम्प' फक्त साडेदहा पौंडांची, म्हणजे पावणेपाच किलोची! लांबी नऊ फूट. ती घेऊन हा गृहस्थ २६६ मैल फिरला. होडी, जादा कपडे, पांघरूण, कुऱ्हाड, गळ आणि दोन दिवसांचा शिधा धरून एकूण ओझं २६ पौंडांच्या आत.

पुढच्याच वर्षी, १८८४ साली, त्याचं 'वुडक्राफ्ट' हे पुस्तक आलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: आपण जंगलात हाल सोसायला जात नाही, निवांत राहायला जातो. हाल तर शहरात रोजचेच आहेत. म्हणून तो झोप, जेवण आणि शेकोटी यांत तडजोड करत नसे. कात्री लावायची ती बाकी सगळ्याला. वस्तू कमी, पण ती वापरायचं कसब जास्त, हा त्याचा हिशेब.

दुसरी मानकरी एमा गेटवुड, ओहायोची. अकरा मुलांची आई, नातवंडं असलेली आजी. नवऱ्याच्या अमानुष मारहाणीत संसाराची तीसहून जास्त वर्षं काढली, १९४१ साली घटस्फोट घेतला. पुढे कधीतरी एका मासिकात अ‍ॅपलेशियन ट्रेलबद्दल वाचलं. जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे ३,३०० किलोमीटरची डोंगरवाट. मे १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, 'जरा फिरून येते' इतकंच घरी सांगून बाई निघाल्या आणि १४६ दिवसांनी दुसऱ्या टोकाला पोहोचल्या. एका हंगामात एकटीने ही वाट पार करणारी ही पहिली स्त्री.

सामान काय? घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पायात साधे कापडी बूट, एक ब्लँकेट, रेनकोट, आणि तंबूऐवजी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा! कधी पाचोळ्याच्या गादीवर झोप, कधी अनोळखी घराचं दार ठोठावायचं. काहींनी घरात घेतलं, काहींनी हाकललंसुद्धा. आपल्याला हे हालच वाटतील. पण ज्या बाईला स्वतःच्या घरात रात्रीची शांत झोप मिळत नव्हती, तिच्यासाठी 'कम्फर्ट' या शब्दाचा अर्थ काय असेल, याचा जरा विचार करा. १९५७ आणि १९६४ साली त्यांनी तो ट्रेल पुन्हा पूर्ण केला, हे पुरेसं बोलकं आहे.

तिसरा मात्र आपल्या जातकुळीतला, इंजिनिअर! रे जार्डिन, एरोस्पेसमधला. सत्तरच्या दशकात कड्याच्या भेगांत अडकवायची 'फ्रेंड्स' ही उपकरणं याचीच. १९८७ मध्ये बायको जेनीसोबत त्याने पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल केला, तेव्हा पाठीवर २५ पौंड होते. १९९४ च्या तिसऱ्या फेरीत नऊपेक्षा कमी. त्याने ओळखलं की वजन ही साखळी आहे. सॅक हलकी, की जड बूट नकोत. बूट हलके, की दमणूक कमी. दमणूक कमी, की रोजचं अंतर जास्त. अंतर जास्त, की पुढच्या गावापर्यंत शिधा कमी. म्हणजे सॅक आणखी हलकी! त्याने तंबूऐवजी ताडपत्रीसारखं छत वापरलं, स्लीपिंग बॅगऐवजी घरी शिवलेली दुलई आणि पाऊस-उन्हाला चक्क छत्री. म्हणजे गोधडी आणि छत्री हो! आपल्याकडचा धनगर एकाच घोंगडीवर अंथरूण, पांघरूण आणि पावसाळा भागवत आला, त्याला हे शिकवावं लागलं नसतं.

तर सांगायचा मुद्दा असा, की हलकी सॅक म्हणजे संन्यास नव्हे. तिघांनीही झोप, पोट आणि पाय सांभाळले. टाकली ती 'लागलं तर असू दे' वाली पोटली. सॅकमधल्या अर्ध्या वस्तू गरजेच्या नसतात, भीतीच्या असतात. पण खबरदार, भीतीची जागा माहितीने भरायला हवी. सह्याद्रीच्या पावसाळ्यात कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि टॉर्च काढून टाकणं याला हलकं होणं म्हणत नाहीत, मूर्खपणा म्हणतात.

आणि हो, हिमालयात हल्ली पैसे भरून सॅक 'ऑफलोड' करता येते. खेचर नेतं किंवा पोर्टर. त्यावर कुणाचं पोट चालतं, आणि पाठ दुखत असेल तर खुशाल करावं. फक्त आपण दिली ती सॅक एकदा उचलून बघावी. त्यातलं निम्मं सामान आपण स्वतःच्या पाठीवर घेतलं असतं का? नसेल, तर ते दुसऱ्याच्या पाठीवर तरी कशाला?