एक वाव आणि एक हात

मंडळी, हल्ली परदेशात कयाकमधून मासेमारी करण्याचा छंद बराच वाढला आहे. मग वल्हे कोणते घ्यावे यावर चर्चा झडतात. अ‍ॅल्युमिनियमचे की कार्बन फायबरचे? लांबी किती, वजन किती? हा प्रश्न फार जुना आहे, आणि ज्यांच्यापुढे तो जीवनमरणाचा होता त्यांचे उत्तर मोठे वाचनीय आहे.

कयाक मूळची इनुइट लोकांची. (शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना एस्किमो म्हणत आलो.) ग्रीनलंडमध्ये वल्ह्याजोगे लाकूड देणारी झाडे जवळपास नाहीतच. लाकूड मिळे ते समुद्र आणून टाकील तेवढेच. सैबेरियातल्या नद्यांतून वाहून आलेले ओंडके बर्फात अडकत आणि काही वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागत. गंमत पाहा, हेच ओंडके बघून नॉर्वेच्या नान्सेनने ताडले की उत्तर ध्रुवाकडून प्रवाह वाहत असला पाहिजे. १८९३ साली त्याने आपले 'फ्राम' जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतले आणि १८९६ मध्ये ते स्पिट्सबर्गेनजवळ सुखरूप बाहेर आले!

इतक्या दुर्मिळ लाकडाचे वल्हे बेतायचे, तर माप चुकून कसे चालेल? तिथली प्रचलित रीत अशी: दोन्ही हात पसरून होते ती एक वाव, अधिक कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा एक हात. वाव आणि हात ही आपल्याकडचीही जुनी मापे, हे वाचून मला फार बरे वाटले. मध्यम उंचीच्या माणसाला हे वल्हे साधारण २१५ सेंटिमीटर भरते. पाते अरुंद, मुठीत मावेल एवढेच. कारण कयाक उलटली तर त्या पात्यालाच धरून, पाण्यावर रेटा देऊन शिकाऱ्याला पुन्हा सरळ व्हायचे असे. कातडी अंगरखा होडीच्या तोंडाला घट्ट बांधलेला आणि पाणी बर्फासारखे. पोहून सुटण्याची आशा नव्हती.

इंग्लंडचा जिनो वॉटकिन्स १९३०-३१ च्या मोहिमेत ही विद्या ग्रीनलंडच्या लोकांकडून शिकला. पुढे २० ऑगस्ट १९३२ रोजी तो एकटाच सील मारायला गेला. त्याची रिकामी कयाक सापडली, तो सापडला नाही. वय अवघे २५. विद्या येत असूनही समुद्राने सूट दिली नाही.

आता कोणी म्हणेल, मग आम्हीही २१५ चेच वल्हे घ्यावे का? नाही. इनुइटांची कयाक जेमतेम माणसाच्या कमरेएवढी रुंद. आजची मासेमारीची कयाक पाऊण मीटर किंवा त्याहून रुंद, आणि बैठकही उंच. पाण्यापर्यंत पोचायला तिला बहुधा २४० ते २६० सेंटिमीटरचे वल्हे लागते. आकडा उचलायचा नाही, रीत उचलायची. आपले शरीर, आपली होडी आणि आपले काम यांवरून माप ठरवायचे. वजनाचेही तेच. दिवसभरात हजारो वेळा उचलायचे, म्हणून हलके असलेले बरे.

आणखी एक. भाला फेकताना हात मोकळे हवेत म्हणून इनुइट शिकारी वल्हे होडीवरच्या कातडी पट्ट्यांत खोचून ठेवी. गळ टाकणाऱ्याचेही हात असेच गुंततात. तेव्हा तिकडच्या आमच्या मुलानातवंडांनो, वल्हे कितीही महागाचे घ्या, पण त्याला होडीशी बांधणारी दोरी विसरू नका.