वकिलाविना दिवाळं

दिवाळी अंकात दिवाळ्यावर लेख म्हणजे अपशकुनच, असं आमच्या घरातलं मत पडलं. पण हे दोन शब्द शेजारी-शेजारी उगाच बसलेले नाहीत. जुन्या काळी एखाद्याची पेढी बुडाली की तो दुकानात मोठा दिवा लावून ठेवायचा आणि हिशेब मिटेपर्यंत गावातून नाहीसा व्हायचा. गुजराती, मराठी आणि इंग्रजीच्या व्याकरणावर १८०८ साली मुंबईत पुस्तक काढणाऱ्या ड्रमंडसाहेबाने ही चाल नोंदवून ठेवली आहे. व्युत्पत्तीवर पंडितांचा वाद आहे, तो त्यांना लखलाभ. मला आवडतं ते हे, की बुडालेला माणूस स्वतःच दिवा लावत असे. कोर्ट नाही, वकील नाही.

अमेरिकेत आज कुणीही सामान्य माणूस वकील न करता, आपल्या हाताने फॉर्म भरून दिवाळखोरीचा अर्ज करू शकतो. इथे त्याला 'प्रो से' म्हणतात. मी वकील नाही, इतिहास वाचायची हौस असलेला निवृत्त इंजिनिअर आहे. त्यामुळे हा लेख सल्ला म्हणून वाचू नये. पण हा हक्क इथवर कसा आला, याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

सुरुवात तुरुंगापासून होते. रॉबर्ट मॉरिस हे नाव आपल्या मुलांनी शाळेत ऐकलेलं असतं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे आणि वॉशिंग्टनच्या सैन्याला पैसा पुरवला तोही त्यांनीच. पुढे जमिनींच्या सट्ट्यात ते असे बुडाले, की १७९८ साली फिलाडेल्फियाच्या प्रून स्ट्रीट तुरुंगात जाऊन पडले. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन तिथे त्यांच्याबरोबर जेवून आले. बाहेर पडायला १८०१ उजाडलं, तेही १८०० साली काँग्रेसने दिवाळखोरीचा पहिला कायदा केला म्हणून. गंमत अशी, की त्या कायद्यात ऋणकोला अर्ज करायचा अधिकारच नव्हता! अर्ज धनकोने करायचा, आणि तोही फक्त व्यापाऱ्यांविरुद्ध. दिवाळखोरी हे सावकाराच्या हातातलं हत्यार होतं. १८०३ साली तो कायदाही रद्द झाला.

१८३७ च्या मंदीत हजारो माणसं धुळीला मिळाली, तेव्हा १८४१ च्या कायद्याने पहिल्यांदा ऋणकोला स्वतःहून कोर्टाची पायरी चढू दिली. मला हा क्षण फार मोठा वाटतो. मॉरिस यांच्यासारख्या बड्या व्यापाऱ्यापुरती असलेली गोष्ट आता शिंप्या-लोहारांसाठीही खुली झाली. स्प्रिंगफील्डमध्ये एक तरुण वकील अशा लोकांचे अर्ज चालवत असे. त्याचं नाव अब्राहम लिंकन. न्यू सेलममध्ये त्याचं स्वतःचं दुकान बुडालं होतं आणि ते कर्ज फेडण्यात त्याची वर्षं गेली होती. पण १८४३ साली सावकार मंडळींच्या ओरड्यापुढे हाही कायदा गेला. मग १८६७ चा आला, तोही १८७८ साली रद्द. त्यानंतर पुढची वीस वर्षं अमेरिकेला दिवाळखोरीचा केंद्रीय कायदाच नव्हता. राज्यांचे आपापले होते, पण दुसऱ्या राज्यातल्या धनकोचं देणं माफ करायची ताकद त्यांच्यात नव्हती.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांना घेरलं. मारहाणीपेक्षा त्यांना हवी होती ती कर्जखतं. ती हिसकावून जाळली, आणि दंगा गावोगाव पसरला. सरकारने चौकशी-कमिशन नेमलं आणि त्यातून १८७९ चा 'दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा' आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. शेतकऱ्याला कर्जापायी अटक करून तुरुंगात टाकणं त्याने बंद केलं. ५० रुपयांवर देणं असलेल्या शेतकऱ्याला नादार ठरवून घेण्यासाठी अर्ज करता येऊ लागला. आणि आपल्या विषयाशी थेट भिडणारी एक तरतूद त्यात होती. तडजोड करणाऱ्या कन्सिलिएटरपुढे, गावच्या मुन्सफापुढे आणि १०० रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलाने उभं राहायचंच नाही! अपवादाला परवानगी होती, पण नियम तो. कारण उघड होतं. वकील परवडायचा तो सावकाराला. कुणब्याला वकील मिळवून देणं जमत नसेल तर निदान दोघांनाही बिनवकिलाचं उभं करा, असा तो हिशेब. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली स्पेशल जज्ज म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कोर्टांचं काम तपासलं.

म्हणजे बघा, १८८० साली भीमथडीच्या शेतकऱ्याला जे दार उघडं होतं, ते न्यूयॉर्कच्या दुकानदाराला त्या स्वरूपात नव्हतं. कायदा कागदावर होता तितका शेतावर पोचला नाही, सावकारांनीही वाटा शोधल्या, हे खरं. तरी ही तुलना मला बोलून दाखवावीशी वाटते. इथल्या पार्टीत "आपल्याकडे काय कायदे होते?" असं कुणी म्हणालं, की मी सुपं काढतो.

मार्क ट्वेनची प्रकाशन कंपनी १८९४ साली बुडाली, ती नेमकी या वीस वर्षांच्या पोकळीत. त्याने आपली मालमत्ता धनकोंच्या स्वाधीन केली आणि उरलेलं देणं फेडायला साठीच्या घरात जगभर व्याख्यानं देत फिरला. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईत होता तो त्यासाठीच. १८९८ पर्यंत त्याने पै न् पै चुकती केली, म्हणून त्याचं उदाहरण आपल्या लोकांना फार आवडतं. पण त्याचे व्यवहार सांभाळायला स्टँडर्ड ऑईलचे हेन्री रॉजर्स होते, आणि त्याचं बोलणं ऐकायला लोक तिकीट काढत. नोकरी गेलेल्या माणसाचं बोलणं ऐकायला कोण तिकीट काढतो?

१८९८ चा कायदा मात्र टिकला, तब्बल ऐंशी वर्षं. १९३४ साली लोकल लोन विरुद्ध हंट या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की प्रामाणिक पण दैवाने मारलेल्या ऋणकोला नव्याने आयुष्य सुरू करता यावं, हाच या कायद्याचा हेतू आहे. आणि त्या मूळ कायद्यात एक माणुसकीची गोष्ट होती. फी भरायला पैसे नाहीत असं प्रतिज्ञापत्र दिलं तर फी माफ. १९४६ साली ती सवलत काढून घेतली गेली.

तिचे परिणाम रॉबर्ट क्रास या न्यूयॉर्कच्या गृहस्थाने भोगले. अडीच खोल्यांच्या घरात बायको, दोन मुलं, आई आणि आईची लहान मुलगी. एका मुलाला सिस्टिक फायब्रोसिस. १९६९ साली विम्याचे गोळा केलेले हप्ते त्याच्या घरातून चोरीला गेले आणि नोकरी सुटली. सगळं कुटुंब सरकारी मदतीवर. कर्ज सहा हजार डॉलरांच्या वर. वकील त्याला लीगल एडकडून फुकट मिळाला होता. अडलं होतं ते दिवाळखोरीच्या अर्जाच्या ५० डॉलर फीवर. जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, पण १९७३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरवला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी हिशेब मांडला, की हप्त्याने दिले तर आठवड्याला दोन डॉलरहूनही कमी पडतात, म्हणजे एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी. त्यावर न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी मतात सुनावलं, की फार गरीब माणूस सिनेमाला जातच नाही, गरिबी कशी असते हे न कळता तिच्यावर निकाल देऊ नये. निकालपत्रं सहसा रुक्ष असतात, हे वाचताना माझा घसा दाटला.

१९७८ साली आजची संहिता आली, आणि २००५ साली तिच्यात मोठे बदल झाले. १७ ऑक्टोबरला नवे नियम लागू होणार म्हणून त्या वर्षी २० लाखांहून जास्त अर्ज पडले. उत्पन्नाची चाचणी आली, अर्जाआधी क्रेडिट कौन्सेलिंग सक्तीचं झालं, नंतर पैशाच्या व्यवहाराचा कोर्स. कागद वाढले तशा वकिलांच्या फिया वाढल्या. आणि चॅप्टर ७ मध्ये वकील पैसे आधी घेतो, कारण उधारी ठेवली तर तीही इतर कर्जांबरोबर माफ होईल! दिवाळं काढायला आधी पैसे साठवायचे. पण त्याच कायद्याने एक दार उघडलं. दारिद्र्यरेषेच्या दीडपटीहून कमी उत्पन्न असलेल्याला चॅप्टर ७ ची फी माफ होऊ शकते. आमच्या पिढीने शाळेत 'नादारी' मिळवली आहे, त्यांना हे वेगळं समजावायला नको. क्रासच्या निकालाला तोवर ३२ वर्षं झाली होती.

स्वतःचा खटला स्वतः चालवण्याचा हक्क मात्र १७८९ च्या ज्युडिशिअरी ॲक्टपासूनचा. त्याचा वापर आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी २००९ साली केला. नोकरी गेलेली, हॉस्पिटलचं बिल, पाच क्रेडिट कार्डं. दोन महिने संध्याकाळी पब्लिक लायब्ररीत बसून त्यांनी फॉर्म भरले. मालमत्ता, देणी, महिन्याचा खर्च, गेल्या काही वर्षांतले व्यवहार, सगळं शपथेवर. त्यांना सगळ्यात जड गेलं ते इंग्रजी नव्हे, गावच्या सातबाऱ्यावर चुलत्यांबरोबर असलेलं आपलं नाव. तिथे कोण बघायला येतंय, असं दोघा-तिघांनी त्यांना सुचवलंही. पण कायदा म्हणतो, मालमत्ता जगात कुठेही असो, दाखवायची. त्यांनी दाखवली. मेव्हण्याने दिलेले हातउसनेही धनकोंच्या यादीत लिहिले. नातेवाइकाला अर्जाच्या आधी वर्षभरात गुपचूप फेड केली असेल तर ट्रस्टी ती परत मागू शकतो, हे त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं. ट्रस्टीची भेट सहा-सात मिनिटांत आटोपली. जमिनीबद्दल दोन प्रश्न झाले, कार्ड कंपन्यांपैकी कुणी फिरकलंच नाही. दोनेक महिन्यांनी कर्जमुक्तीचा कागद टपालाने आला. या सगळ्यात वर्षभर ते मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. गणपतीलाही नाही. कोर्टाने त्यांना काही विचारलं नसतं असं आपण विचारू, ही त्यांची भीती होती.

आज हे काम थोडं सोपं झालं आहे. २०१५ च्या डिसेंबरपासून फॉर्म साध्या भाषेत आहेत आणि कोर्टाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ट्रस्टीची भेट बहुतेक ठिकाणी झूमवर होते. २०१६ साली निघालेली अपसॉल्व्ह नावाची ना-नफा संस्था साध्या चॅप्टर ७ साठी फॉर्म तयार करून देते. फी २०२० च्या डिसेंबरमध्ये ३३८ डॉलर झाली, ती हप्त्यांनीही भरता येते. नुसते फॉर्म टाईप करून देणारे दुकानदारही असतात. त्यांना कायद्याचा सल्ला द्यायची मनाई आहे, म्हणून देऊ लागले तर उठून यावं. स्वतःचं घर असेल, धंदा असेल किंवा भारतात नावावर फ्लॅट असेल, तर वकिलाचे पैसे वाचवू नयेत. चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षं हप्ते फेडायचे असतात, आणि वकिलाशिवाय तो शेवटाला नेणारे फार थोडे. स्टुडंट लोन आणि मुलांची पोटगी सहसा सुटत नाही. ग्रीन कार्ड नसलं तरी अर्ज करता येतो, इथे राहत असलं की पुरे. नागरिकत्वाचा कायदाही केवळ दिवाळखोरीमुळे कुणाला नाकारत नाही. हा प्रश्न मला लोक कुजबुजत विचारतात, म्हणून इथे मोठ्याने लिहिला.