औषधविक्रेता आणि धूम्रपानमुक्ति

तंबाखूची युरोपांत प्रथम कीर्ति झाली ती मुख्यतः औषधी वनस्पति म्हणून. इ. स. १५६० च्या सुमारास लिस्बन येथील फ्रेंच वकील झां निको यानें ती फ्रान्सच्या राजदरबारीं पाठविली आणि व्रणांवर व डोकेदुखीवर ती गुणकारी असल्याची वार्ता पसरली. तिच्यांतील मुख्य द्रव्यास पुढें मिळालेलें 'निकोटीन' हें नांव याच गृहस्थाचें स्मारक होय. औषधें विकणाऱ्यांच्या बरण्यांमध्यें तंबाखूलाही मानाची जागा मिळाली. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें १६०४ मध्यें तिच्याविरुद्ध जळजळीत निबंध लिहिला खरा. परंतु राजाच्या लेखणीपेक्षां गिऱ्हाइकाची तलफ बलवत्तर ठरली. ज्या दुकानानें तंबाखूला औषध म्हणून आसरा दिला, त्याच दुकानाकडे चार शतकांनंतर लोकांना तिच्यापासून सोडविण्याचें काम आलें. हें स्थित्यंतर कसें घडलें, तें पाहण्यासारखें आहे.

या इतिहासाला खरी कलाटणी मिळाली ती १९५० मध्यें. त्या वर्षीं रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं लंडनमधील इस्पितळांतील रोग्यांची कसून चौकशी केली आणि फुप्फुसाचा कर्करोग व सिगारेट यांचा निकट संबंध दाखवून दिला. १९६२ मध्यें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिझिशियन्सनें तोच निष्कर्ष आपल्या अहवालांतून जनतेपुढें मांडला. धोका लोकांना कळला; परंतु कळणें निराळें आणि वळणें निराळें. सकाळीं केलेला निश्चय संध्याकाळीं मोडावा, हा लाखों माणसांचा अनुभव होता. याचें मूळ केवळ मनाच्या दुबळेपणांत नसून निकोटीनच्या शरीराला जडलेल्या सवयींत आहे, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानांत हळूहळू आली.

याच काळांत स्वीडनमध्यें निराळाच विचार चालला होता. पाणबुडीवरील खलाशांना आंत धूम्रपान करतां येत नसे. तेव्हां ते तंबाखू चघळून तलफ भागवीत. लुंड येथील वैद्यकशास्त्रज्ञांनीं ही हकीकत १९६७ मध्यें हेलसिंगबोर्ग येथील औषध-कारखान्यांतील ओव्हे फर्नो यांस कळविली आणि त्यांतूनच निकोटीनयुक्त च्युइंग गमचा उगम झाला. धुरांतील डांबर व विषारी वायु टाळून केवळ निकोटीन थोडथोडें पुरवावयाचें आणि मग तेंही कमी करीत न्यावयाचें, ही त्यामागची युक्ति. १९७८ मध्यें स्वित्झर्लंडनें या गमला मान्यता दिली. ब्रिटनमध्यें आरंभीं त्यासाठीं डॉक्टरची चिठ्ठी लागे. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मात्र गम व त्वचेवर चिकटवावयाची पट्टी हीं दोन्ही चिठ्ठीवांचून औषधाच्या दुकानांत मिळूं लागलीं.

येथेंच औषधविक्रेत्याच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. हा गम साध्या गमसारखा भराभर चावला, तर निकोटीन लाळेबरोबर पोटांत जातें, त्याचा बराचसा भाग यकृतांत निष्फळ होतो आणि पदरीं पडते ती उचकी व मळमळ. तो सावकाश चावून मधूनमधून गालाशीं धरून ठेवावयाचा असतो. हें कोणीं सांगितलें नाहीं, तर गिऱ्हाईक औषध टाकून पुन्हां सिगारेटकडे वळतें. शिवाय दोन शब्दांचेंही सामर्थ्य थोडें नसतें. मायकेल रसेल यांनीं १९७९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लंडनच्या डॉक्टरांनीं रोग्यांस एकदोन मिनिटें सल्ला दिला, पत्रक दिलें व पुढें चौकशी होईल असें बजावलें. वर्षअखेर त्यांपैकीं शेंकडा ५.१ धूम्रपानमुक्त होते. ज्यांना कांहींच सांगितलें नव्हतें, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ०.३ होतें. आंकडा लहान खरा. परंतु थेंबें थेंबें तळें साचतें. आणि औषधाच्या दुकानांत तर निरोगी माणूसही येतो, वेळ ठरविल्यावांचून येतो.

या विचारानें स्कॉटलंडच्या ग्रँपियन भागांत सुमारें साठ दुकानांवर एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत १९९८ मध्यें प्रसिद्ध झाला. निम्म्या दुकानांतील औषधविक्रेत्यांस व त्यांच्या मदतनिसांसही सुमारें दोन तासांचें शिक्षण देण्यांत आलें. त्याचा पाया जेम्स प्रोचास्का व कार्लो डिक्लेमेन्टी यांनीं १९८३ मध्यें मांडलेला 'परिवर्तनाच्या पायऱ्यां'चा सिद्धांत हा होता. कोणी सोडण्याचा विचारच करीत नाहीं, कोणी विचारांत असतो, कोणी तयारीला लागलेला असतो, तर कोणी सोडून पुन्हां डळमळत असतो. या सर्वांना एकच प्रवचन ऐकविण्यांत अर्थ नाहीं. आधीं पायरी ओळखावी आणि मग बोलावें, हें त्या शिक्षणाचें सार. एकूण ४९२ गिऱ्हाइकांची पुढें चौकशी झाली. नऊ महिन्यांनंतर शिक्षित दुकानांच्या गिऱ्हाइकांपैकीं शेंकडा १२, तर इतरांपैकीं शेंकडा ७ धूम्रपानापासून दूर होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक योगायोगाची शंका पुरती घालविण्याइतका मोठा नव्हता.

अधिक स्पष्ट कौल मिळाला तो मुख्यतः उत्तर आयर्लंडमध्यें व कांहीं अंशीं लंडनमध्यें झालेल्या आणि २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून. तेथें ४८४ व्यक्तींचे दोन भाग केले होते. शिकविलेल्या पद्धतीनें वारंवार भेटून मदत मिळालेल्यांपैकीं वर्षअखेर शेंकडा १४.३ मुक्त राहिले. नेहमींची सेवा मिळालेल्यांपैकीं अवघे शेंकडा २.७. केवळ शब्दावर न विसंबतां शरीरांतील कोटिनीन या द्रव्याच्या तपासणीनें खात्री करून घेतली होती, हें विशेष.

१९९८ च्या श्वेतपत्रिकेनंतर ब्रिटनमध्यें धूम्रपानमुक्तीची सरकारी सेवा उभी राहिली आणि २००८ मध्यें स्कॉटलंडनें औषधाच्या दुकानांतून ती देशभर सुरू केली. ग्लासगो येथील तुलनेंत सामुदायिक वर्गांचें यश दुकानांहून अधिक दिसलें; परंतु दुकानांत मदत घेणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनीं मोठी होती. अटलांटिकच्या पलीकडे मात्र आधीं दुकानाचीच शुद्धि करावी लागली. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतानें १९९४ मध्यें औषधाच्या दुकानांतील तंबाखूविक्री कायद्यानें बंद केली. अमेरिकेंतील सीव्हीएस या मोठ्या दुकानसाखळीनें २०१४ मध्यें ती स्वेच्छेनें थांबविली.

या साऱ्या प्रयत्नांतून एक गोष्ट ठळक होते. औषध तेंच आणि दुकानही तेंच. फरक पडला तो विकणाऱ्याला काय विचारावें व काय सांगावें हें शिकविल्यानें. शंभरांतील ऐंशींहून अधिक माणसें तरीही पहिल्या प्रयत्नांत अपयशी ठरतात. ज्याच्याकडे न संकोचतां पुन्हां जातां येईल, असा जाणता माणूस त्यांना घराजवळच भेटावा, हेंच या शिक्षणाचें प्रयोजन होय.