तालमीचा उंबरठा

मराठी भाषेने व्यायामाच्या जागेला 'तालीम' म्हटले, ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नाही. 'तालीम' हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ शिक्षण. त्या जागेचा जो 'वस्ताद', तो फारसी 'उस्ताद' म्हणजे शिक्षकच. तेव्हा आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने तालीम ही प्रथम शाळा होती, आणि तेथील विद्यार्थी बहुधा मिसरूड न फुटलेला मुलगा असे. वाढत्या वयाच्या मुलामुलींना सार्वजनिक व्यायामशाळेचे दार कितपत उघडे असावे, हा प्रश्न आज नव्याने उपस्थित झाला आहे. त्याचा विचार करताना हा इतिहास डोळ्यांआड करून चालणार नाही.

बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात ज्याचा उल्लेख सापडतो, तो मल्लखांब दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केला. पेशवाईच्या अस्तानंतर बाजीराव ब्रह्मावर्तास राहिला. तेथे नानासाहेबांच्या बरोबरीने बालवयातील लक्ष्मीबाईही ही विद्या शिकल्या, असे परंपरा सांगते. ही कथा आपण अभिमानाने सांगतो; परंतु एका मुलीच्या प्रवेशाची आख्यायिका व्हावी, यातच इतर मुलींना ते दार बंद होते याची कबुली आहे.

दुसरा उंबरठा जातीचा. तो पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीने ओलांडला. मातंग समाजात जन्मलेल्या या वस्तादांपाशी जोतीराव फुले दांडपट्टा व नेमबाजी शिकले. ज्या काळी अस्पृश्य मानलेल्या मुलास पाठशाळेची पायरी चढता येत नव्हती, त्या काळी त्याच समाजातील एक पुरुष इतरांच्या मुलांचा गुरू झाला होता. समाजाने पाठशाळेत जे नाकारले, ते या एका तालमीत घडले.

विसाव्या शतकात या विद्येस संस्थांचे रूप आले. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. पुण्यास १९२४ साली शिवरामपंत दामले यांचे महाराष्ट्रीय मंडळ, तर दादरला १९२५ साली श्री समर्थ व्यायाम मंदिर उभे राहिले. बडोद्यास प्रा. माणिकराव यांनी संघव्यायामाची पद्धती बसविली, तेव्हा एका वस्तादाला एका वेळी शेकडो मुले हाताळणे शक्य झाले. अमरावतीच्या मंडळींनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी भारतीय व्यायामप्रकार करून दाखविले. त्याच शहरात १८११ साली यान या शिक्षकाने शाळकरी मुलांसाठी उघडे व्यायामपटांगण सुरू केले होते, हा योगायोग शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दोन्हीकडे उपक्रमाच्या मुळाशी साधने नव्हती. शिकविणारा माणूस होता.

इंदूरचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे. होळकर दरबाराने मल्लविद्येस आश्रय दिला. याच शहरात डेली कॉलेजात राजकुमारांसाठी उत्तम क्रीडांगणे झाली. तिकडे सामान्य घरच्या मुलास मोहल्ल्यातील आखाडा होता. तेथे पैशाऐवजी सेवा द्यावी लागे: हौद्याची माती उकरावी, झाडलोट करावी, मारुतीपुढे दिवा लावावा. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या झाँक्यांबरोबर हे आखाडे रस्त्यावर येतात आणि पोरे लाठी व बनेठी फिरवितात. १९९१ साली हुकुमचंद गिरणी बंद पडली, तरी ही मिरवणूक खंडित झाली नाही. पगार गेला, पण आखाडा राहिला. कारण तो गिरणीचा नव्हता, वस्तीचा होता.

आज साधनांची वाण नाही. मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली मल्लखांबास राज्यक्रीडेचा मान दिला, आणि २०२३ साली राज्यात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत मल्लखांबाचे सामने उज्जैनला भरले. त्यांत मुलीही उतरल्या. शहरांच्या बागांतून व्यायामयंत्रे उभी आहेत. तरीही तेरा-चौदा वर्षांचे मूल दोहोंच्या मधे अडकते. झोपाळ्याचे वय सरलेले असते. खाजगी जिममध्ये शुल्क परवडत नाही किंवा वयाची अट आडवी येते. आणि बागेतील यंत्रापाशी ते कसे वापरावे हे सांगणारे कोणी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच ते सतरा वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटांची शारीरिक हालचाल आवश्यक आहे; परंतु २०१६ पर्यंतच्या जागतिक पाहणीत ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले त्या मर्यादेपर्यंत पोहोचत नव्हती.

मुलांना दारातच अडविणारे अपघाताचे भय पुढे करतात. ते सर्वस्वी खोटे नव्हे. परंतु जाणत्याच्या देखरेखीखाली, योग्य रीतीने केलेला शक्तिव्यायाम वाढत्या वयास अपायकारक नाही, असे बालरोगतज्ज्ञही आज सांगतात. यातील 'देखरेख' हा शब्द महत्त्वाचा. आपल्या भाषेने त्यास फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे: वस्ताद. म्हणून सार्वजनिक व्यायामशाळेचा विचार करताना यंत्रे किती, हा प्रश्न दुय्यम समजावा. संध्याकाळी दोन तास तेथे कोण उभा राहणार, आणि तो मुलगा की मुलगी, अमक्याचा की तमक्याचा हे न विचारता आत घेणार काय, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळाले, तर 'तालीम' हा शब्द पुन्हा आपल्या मूळ अर्थाने नांदू लागेल.