भद्रगणित

भद्रगणित : चौरसाच्या घरांत संख्या अशा मांडावयाच्या की प्रत्येक आडवी ओळ, प्रत्येक उभा स्तंभ व दोन्ही कर्ण यांतील संख्यांची बेरीज एकच यावी, या कोड्याच्या अभ्यासास प्राचीन भारतीय गणितात भद्रगणित हे नाव आहे. अशा चौरसास भद्र, यंत्र किंवा जादूचा चौरस म्हणतात. जगातील अनेक समाजांना हे चौरस परिचित होते. चीनमधील ‘लो शू’ हा तीन घरांचा चौरस विशेष प्रसिद्ध आहे. भारतीय परंपरेचे वैशिष्ट्य असे की, तीत बेरीज आधी सांगितली जाते व चौरस नंतर शोधला जातो. ‘अमुक बेरीज येईल असा चौरस मांडा’ असा प्रश्न असल्याने केवळ एखादी मांडणी पाठ असून भागत नाही. सांगितलेली बेरीज साधणे शक्य आहे की नाही, हेही ठरवावे लागते.

प्रारंभीचे चौरस : नऊ घरांत १ ते ९ या संख्या मांडल्यास बेरीज १५ येते. परंपरेने गर्ग ऋषींच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या नवग्रह यंत्रांत सूर्यासाठी १५, चंद्रासाठी १८, मंगळासाठी २१ याप्रमाणे वाढत जाऊन केतूसाठी ३९ ही बेरीज येते. प्रत्येक घरातील संख्येत एक मिळविला की बेरीज तीनने वाढते, एवढेच यातील गणित आहे. तीन घरांच्या चौरसात मधली संख्या नेहमी बेरजेच्या एकतृतीयांश असते. म्हणून पूर्णांकांत ३ ने भाग न जाणारी बेरीज येथे साधता येत नाही.

वराहमिहिर यांच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत गंधयुक्तीच्या प्रकरणात सोळा घरांचा चौरस आहे. सोळा सुगंधी द्रव्यांपैकी कोणत्या द्रव्याचे किती भाग घ्यावयाचे ते यात दाखविले असून १ ते ८ या संख्या दोनदा वापरल्या आहेत. ओळीतील, स्तंभातील वा कर्णातील कोणतीही चार द्रव्ये घेतली, तरी एकूण भाग १८ च होतात. सुगंधाचे प्रकार अनेक, पण प्रत्येकाचे एकूण माप एकच, अशी व्यवहारातील गरज या मांडणीने भागते.

नागार्जुन यांच्या नावावरील कक्षपुट या ग्रंथात १०० बेरजेचा ‘नागार्जुनीय’ चौरस आढळतो. त्यातील संख्यांच्या जोड्या लागतात व प्रत्येक जोडीची बेरीज ५० म्हणजे इष्ट बेरजेच्या निम्मी येते. आठ घरे भरली की उरलेली आठ घरे वजाबाकीने आपोआप ठरतात.

खजुराहो येथील पार्श्वनाथ या जैन मंदिरात कोरलेला चौरस ‘चौतिसा यंत्र’ म्हणून ओळखला जातो. तो असा :

७  १२  १  १४
२  १३  ८  ११
१६  ३  १०  ५
९  ६  १५  ४

यात ओळी, स्तंभ व कर्ण यांची बेरीज ३४ येतेच, शिवाय चौरसाच्या एका कडेला तुटून दुसऱ्या कडेस पुढे चालू होणाऱ्या तिरप्या रेषांचीही बेरीज (उदा., १२ + ८ + ५ + ९) तेवढीच येते. असा चौरस सर्वांत परिपूर्ण मानला जातो.

नारायण पंडित यांचे कार्य : या विषयाला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय नारायण पंडित यांना जाते. नृसिंह यांचे पुत्र असलेल्या नारायण पंडितांनी गणितकौमुदी हा ग्रंथ शके १२७८ मध्ये (इ. स. १३५६) पूर्ण केला. त्याच्या चौदाव्या प्रकरणाचा विषय भद्रगणित हाच आहे. ही विद्या शंकराने मणिभद्रास सांगितली, या परंपरेचा ते उल्लेख करतात. पण पुढचे विवेचन निखळ गणिती आहे. घरांच्या संख्येवरून त्यांनी भद्रांचे तीन वर्ग केले : एका ओळीतील घरांच्या संख्येस ४ ने निःशेष भाग गेल्यास समगर्भ, २ बाकी उरल्यास विषमगर्भ आणि ती संख्या विषम असल्यास विषम भद्र.

इष्ट बेरजेचा प्रश्न त्यांनी श्रेढीशी जोडला. चौरसात भरावयाच्या संख्या समान अंतराने वाढत असतील, पहिली संख्या ‘अ’ व अंतर ‘द’ असेल, तर चार घरांच्या चौरसाची बेरीज ४अ + ३०द एवढी येते. बेरीज दिलेली असता अ व द शोधणे म्हणजे अनिश्चित समीकरण सोडविणे होय. त्यासाठी भारतीय गणितज्ञांना कुट्टकाची रीत पूर्वीपासून माहीत होती व नारायण पंडितांनी तीच येथे वापरली. उदा., बेरीज ६४ हवी असल्यास अ = १ व द = २ घ्यावे, म्हणजे १, ३, ५ पासून ३१ पर्यंतच्या विषम संख्या पुरतात. १०० साठी अ = १० व द = २ चालते. बेरीज ४० असेल, तर मात्र द = २ घेताच अ = −५ येतो व चौरसात ऋण संख्या शिरतात.

या अडचणीतून सुटण्याची दुसरी वाट त्यांच्या छाद्य-छादक रीतीत सापडते. दोन चौरस ओंजळीसारखे एकमेकांवर मिटून त्यांतील संख्या मिळवावयाच्या, अशी ही रीत आहे. एका चौरसात मूलपंक्ती १, २, ३, ४ (बेरीज १०) व दुसऱ्यात परपंक्ती ०, १, २, ३ (बेरीज ६) घेतात. इष्ट बेरजेतून १० वजा करून ६ ने भागले की परपंक्तीचा गुणक मिळतो. बेरीज ३४ असता गुणक ४ येतो व नेहमीच्या १ ते १६ या संख्या मिळतात. बेरीज ४० असता गुणक ५ येतो. परपंक्ती ०, ५, १०, १५ होते आणि खजुराहोच्या मांडणीवरून पुढील चौरस तयार होतो :

८  १४  १  १७
२  १६  ९  १३
१९  ३  १२  ६
११  ७  १८  ४

सर्व संख्या धन व भिन्न राहतात आणि तिरप्या तुटक रेषांचा गुणही टिकतो.

विषम बेरजेची मर्यादा : चार घरांच्या चौरसात ३५ सारखी विषम बेरीज हवी असल्यास ४अ + ३०द हे सूत्र उपयोगी पडत नाही, कारण पूर्णांकांत ते नेहमी सम येते. तेव्हा वरील चौतिसा यंत्रातील १३, १४, १५ व १६ या चार संख्यांत प्रत्येकी एक मिळवावा. या संख्या प्रत्येक ओळीत, स्तंभात व कर्णात एकेकच असल्याने बेरीज सर्वत्र ३५ होते. पण १२ + ८ + ५ + ९ ही तुटक रेषा ३४ वरच राहते. हा दोष रीतीचा नव्हे. परिपूर्ण चौरसात सम ओळी व सम स्तंभ जेथे मिळतात त्या चार घरांची बेरीज इष्ट बेरजेएवढीच असते, असे ओळी, स्तंभ व तिरप्या रेषा यांच्या बेरजांवरून दिसते. पहिल्या ओळीतील पहिल्या व तिसऱ्या ओळीतील तिसऱ्या घरातून जाणाऱ्या दोन तिरप्या रेषा एकत्र केल्यास ती चार घरे एकदा व ही दोन घरे दोनदा येतात. म्हणून या दोन घरांची बेरीज इष्ट बेरजेच्या निम्मी ठरते. पूर्णांकांत निम्मे व्हावयाचे तर बेरीज समच हवी. नागार्जुनीय चौरसातील जोड्यांचे मर्म हेच होय.

उत्तरकाल : नारायण पंडितांनी १ ते १६ संख्यांच्या अशा परिपूर्ण चौरसांची संख्या ३८४ सांगितली होती. फ्रान्समध्ये फ्रेनिकल द बेसी यांच्या १६९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात चार घरांच्या सर्व प्रकारच्या चौरसांची संख्या, फिरवून व उलटवून मिळणारे वगळता, ८८० दिलेली आहे. त्यांपैकी परिपूर्ण ४८ असून फिरवणे-उलटवणे धरून ते ३८४ होतात. ही संख्या अमेरिकेतील रॉसर व वॉकर यांनी १९३८ मध्ये आधुनिक पद्धतीने सिद्ध केली. सयामला गेलेले फ्रेंच राजदूत सीमाँ द ला लूबेर यांनी १६९१ च्या आपल्या ग्रंथात विषम चौरसाची रीत सुरतेच्या भारतीयांची म्हणून दिली. यूरोपात मात्र ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. गणितकौमुदी वाराणसीहून पद्माकर द्विवेदी यांच्या संपादनाखाली दोन भागांत (१९३६ व १९४२) छापली गेली. त्यानंतरच या विषयातील नारायण पंडितांच्या कामगिरीचे अभ्यासकांना नीट मूल्यमापन करता आले. श्रीनिवास रामानुजन यांच्या वह्यांतील पहिले प्रकरणही जादूच्या चौरसांवरच आहे.

यंत्र, अत्तराचे प्रमाण आणि करमणूक अशा भिन्न निमित्तांनी हा विषय वाढला. कोणती बेरीज साधते, कोणती साधत नाही व का, हे सांगू लागल्यावर त्याला गणितशास्त्रात स्थान मिळाले.