झहीरची बदली

मंडळी, आज जरा बेसबॉलपासून सुरुवात करतो. घाबरू नका, लगेच क्रिकेटवर येतोच आहे :)

न्यूयॉर्कच्या मेट्स टीममध्ये टॉम सीव्हर नावाचा पिचर होता. पिचर म्हणजे आपला बॉलरच समजा. १९६९ ला मेट्सनी पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली, त्यात याचा मोठा वाटा. आणि १५ जून १९७७ ला टीमने त्याला सिनसिनाटीला देऊन टाकलं, बदल्यात चार खेळाडू घेतले. निरोपाचं बोलताना सीव्हर पत्रकारांसमोर रडला. तिकडे याला 'ट्रेड' म्हणतात. मला मात्र बोहारीण आठवते. जुन्या साड्या द्या, पातेलं घ्या!

आपल्या क्रिकेटला हा प्रकार बरीच वर्षं माहीत नव्हता. टीम बदलायचे खेळाडू, नाही असं नाही. आपल्या नाशिकमध्ये जन्मलेले बापू नाडकर्णी घ्या. १९६४ ला मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ ओव्हर मेडन टाकणारे तेच. रणजीत आधी महाराष्ट्राकडून खेळले, नंतर मुंबईकडून. पण मोबदल्यात दुसरा खेळाडू द्यायची पद्धत नव्हती.

झहीर खानही असाच. श्रीरामपूरचा मुलगा, आधी बडोद्याकडून रणजी खेळला, २००६ ला मुंबईत आला. श्रीरामपूर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, त्यामुळे नाशिककरांना तो घरचाच.

मग आयपीएल आली. २००८ च्या लिलावात बंगळुरूने झहीरला साडेचार लाख डॉलरला घेतलं आणि मुंबई इंडियन्सने कर्नाटकच्या रॉबिन उथप्पाला आठ लाखांना. २००९ च्या सीझनआधी दोन्ही टीम्सनी सरळ अदलाबदल केली. उथप्पा तिकडे, झहीर इकडे. ज्याचा त्याला मिळाला! ट्रेड म्हणजे चुकून दुसऱ्याच्या दारात पडलेलं पत्र योग्य पत्त्यावर पोचवणं, असा माझा तेव्हा समज झाला.

२०११ च्या जानेवारीत पुन्हा मोठा लिलाव झाला. प्रत्येक टीमला जास्तीत जास्त चार खेळाडू ठेवता येणार होते. मुंबईने सचिन, हरभजन, मलिंगा आणि पोलार्ड ठेवले. झहीर नाही. बंगळुरूने त्याला नऊ लाख डॉलरला उचललं, म्हणजे २००८ च्या बरोबर दुप्पट. मी तेव्हा आठवीत होतो. सगळ्यात जास्त राग याचा आला, की या वेळी बदल्यात कुणी मिळालंही नाही. साडी गेली, पातेलंही नाही.

आणि लगेच वर्ल्ड कप. २१ विकेट्स, आफ्रिदीबरोबर सगळ्यात जास्त. २ एप्रिलला वानखेडेवर फायनलमध्ये झहीरच्या पहिल्या तीनही ओव्हर मेडन. अख्खा देश त्याच्या मागे. आणि जेमतेम आठवड्याने आयपीएल सुरू, झहीर लाल जर्सीत. आता ओरडायचं कुणासाठी?

बरं, मुंबईचं गणित चुकलं म्हणावं तर तसंही नाही. मलिंगाने त्या सीझनला २८ विकेट्स काढल्या, आणि २०१३ ला मुंबई पहिल्यांदा आयपीएल जिंकली. झहीरशिवाय. हिशोब बरोबर होता, म्हणूनच जास्त लागलं. चूक असती तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

आता कुणी म्हणेल, तू स्वतः हाइकसाठी दोनदा कंपनी बदललीस, मग झहीरने काय घोडं मारलंय? मुद्दा पटतो. खेळाडूची कारकीर्द लहान, त्याने पैसे कमवावेतच. आणि आयपीएलच्या ट्रेडला खेळाडूची संमती लागते, हेही चांगलंच आहे. अमेरिकेत कर्ट फ्लडने १९६९ ला ट्रेड नाकारला, 'मी काही मालमत्ता नाही' म्हणत थेट सुप्रीम कोर्टात गेला, आणि १९७२ ला हरला.

पण एक फरक आहे. माझा फोटो कुणी कपाटावर चिकटवलेला नाही. माझी कंपनी माझ्या नावाचे टी-शर्ट विकत नाही. टीम्स मात्र 'हा आपला माणूस' म्हणूनच तिकिटं आणि जर्सी विकतात, आणि लिलावाच्या दिवशी तोच माणूस एक आकडा होतो. मालकाची सही लागते, खेळाडूचीही लागते. चाहत्याला विचारायची सोय कुठल्याच फॉर्मवर नाही.

सीव्हर १९८३ ला मेट्समध्ये परतला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा निसटला. त्याचा ३०० वा विजय न्यूयॉर्कमध्येच झाला, पण शिकागोच्या कपड्यांत! झहीरही २०१४ ला २ कोटी ६० लाखांना मुंबईत परत आला, दुखापतीने अर्धा सीझन गेला, आणि २०१५ ला दिल्लीला गेला. परत आलेला माणूस टिकेलच असं नसतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जाडेजा चेन्नईहून राजस्थानला गेला, संजू सॅमसन चेन्नईत आला. चेन्नईत कुठेतरी आठवीतला एखादा मुलगा त्या दिवशी जेवला नसेल. त्याला 'अरे, हा बिझनेस आहे' असं कृपा करून सांगू नका. ते त्याला कळतंच.