पाटावरचं नाव: पेणचा गणपती, रोह्याचा स्टॉल

आमच्या रोह्याच्या घरी माळ्यावर जुन्या पाटांची एक चळत आहे. अकरा पाट. प्रत्येकाच्या मागे खडूनं नाहीतर तेलरंगानं एकेक आडनाव लिहिलेलं. लहानपणी मला वाटायचं, हे आपल्याच घरचे जेवणाचे पाट, लग्नकार्यात कुणाचे कुणाकडे गेलेले. ते तसे नाहीत. ती आमच्या धंद्याची जुनी ऑर्डर बुकं आहेत. आजचा भाग त्यांच्यावर, आणि त्यामागच्या पेणच्या गणपतीवर.

आधी पाट म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी तो फक्त गणपती आणायला जाताना हातात धरलेला असतो. पूर्वी आषाढ-श्रावणात घरचा कर्ता माणूस आपला पाट मूर्तिकाराकडे नेऊन टाकायचा. पाटावर नाव. सोबत तोंडी सूचना: सोंड डावी, सोवळं पिवळं, उंची गेल्या वर्षीएवढीच. मूर्तिकार त्याच पाटावर माती ठेवायचा आणि मूर्ती घडवायचा. गणपती त्याच पाटावरून घरी यायचा. तळकोकणात याला ‘गणपतीची शाळा’ म्हणतात, आमच्याकडे रायगडात ‘कारखाना’. शब्द वेगळे, पण व्यवहार एकच. आणि या व्यवहारात एक गोष्ट कधीच होत नव्हती, ती म्हणजे मूर्ती उरत नव्हती. जितके पाट, तितकेच गणपती.

आता पेणकडे वळू. पेण हे खाडीकाठचं व्यापारी गाव. अंतोऱ्याच्या बंदरातून भात आणि मीठ मुंबईकडे जायचं. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला घाट चढून पुणं. १८९३च्या सुमारास लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला, तेव्हा मूर्तींची मागणी याच दोन शहरांत सगळ्यात जास्त वाढली. घरगुती गणपती त्याच्या कितीतरी आधीपासून होताच. पेणमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही घरांनी हे काम धंदा म्हणून धरलं. त्यात देवधर घराण्याचं नाव पेणमध्ये आजही पहिल्यांदा घेतलं जातं. दोन मोठी गिऱ्हाइकं आणि मध्ये हे गाव, एवढं एकच कारण पुरेसं होतं असं मी म्हणणार नाही, पण पेणचा पेण झाला त्यात भूगोलाचा वाटा मोठा आहे. (पेणच्या पोह्या-पापडांचंही तेच. फक्त पापड वर्षभर विकता येतो.)

पुढे हे काम पेण शहरातून आजूबाजूच्या गावांत गेलं: हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे. शहरातल्या कारखान्यांत हाताखाली काम केलेली पोरं गावाकडे परत गेली आणि त्यांनी आपल्या पडवीत, अंगणात शेड टाकून स्वतःचे कारखाने काढले. हा खारेपाटाचा भाग. खारं पाणी शिरलं की भाताचं काही खरं नसतं. तिथे घरातली आजी, सून, शाळेतून आलेली मुलं सगळी हात लावू शकतील असं काम मिळालं. आज हमरापूर भागात शिरलात तर शेडच्या शेड पांढऱ्या गणपतींनी भरलेल्या दिसतात. रंग नाही, डोळे नाहीत. त्यांना धंद्याच्या भाषेत ‘कच्च्या मूर्ती’ म्हणतात.

कच्ची मूर्ती हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण आमचं घर तिथून या गोष्टीत येतं.

१९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली. आज कोकण रेल्वे जिथून सुरू होते तेच आमचं रोहा. पुढच्याच वर्षी माझ्या आजोबांनी पेणहून कच्च्या मूर्ती आणायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी बावीस. गवताच्या पेंढ्यात बसवून, टोपल्यांतून. घरी ओटीवर रंगकाम. सुरुवातीला ते आधी रोह्यात पाट गोळा करायचे, मोजायचे आणि मग तेवढ्याच मूर्ती आणायचे. म्हणजे कारखाना पेणला, पण पाट रोह्याला. आज आपण ज्याला प्री-बुकिंग म्हणतो ते हेच की.

मग हे मोडलं कशानं? माझं उत्तर: प्लास्टर ऑफ पॅरिसनं. पण लोक सांगतात त्या कारणासाठी नाही.

प्लास्टर म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी घातलं की काही मिनिटांत घट्ट होतो. रबरी साच्यात ओतायचा, काथ्याचा आधार द्यायचा, मूर्ती आतून पोकळ, हलकी. शाडूचं उलटं. शाडू गुजरातेतून येतो, भिजवायचा, मळायचा, साच्यात दाबायचा, आणि मग वाळायची वाट बघायची. पावसाळ्यात ती वाट फार लांब असते. शाडूची मूर्ती जड, आणि ट्रकमध्ये एक खड्डा लागला की बोट गेलं, कान गेला. प्लास्टरची मूर्ती ट्रकभर जाते, परदेशातही जाते. म्हणून पेणच्या कारखान्यांचं काम दसरा-दिवाळीनंतर लगेच सुरू होतं आणि वर्षभर चालतं. पण वर्षभर काम करायचं तर पाटाची वाट बघून चालत नाही. दिवाळीत कोण पाट आणून देणार? तेव्हा आधी माल, मग गिऱ्हाईक. पाट गेला आणि स्टॉल आला. प्लास्टरच्या मूर्तीला खाली स्वतःची बैठक असतेच, त्यामुळे लोक म्हणायला लागले, पाट राहू दे तुमच्याकडेच, पुढच्या वर्षी बघू. ते आमच्या माळ्यावरचे अकरा.

स्टॉल आला आणि सोबत एक नवीन गोष्ट आली: उरलेला माल. गणपती ही अशी वस्तू आहे की चतुर्थीच्या दुपारी दीड वाजता तिची किंमत जवळपास शून्य होते. हरतालिकेच्या रात्री दहा वाजता आमच्या स्टॉलवर जी घासाघीस चालते ती बघण्यासारखी असते. गिऱ्हाइकाला माहीत असतं की आम्हाला माहीत आहे. आता हा उरलेला माल कुणाचा? पेणच्या कारखानदाराचा नाही, त्यानं तो आम्हाला विकलाय. थोडी रक्कम आगाऊ, बाकी उधार, आणि हिशेब धावीर महाराजांच्या पालखीच्या आत चुकता, हा आमच्या घरचा रिवाज. जोखीम साखळीतून घरंगळत खाली येते आणि शेवटच्या कुटुंबापाशी थांबते. ते कुटुंब पेणला नसतं. ते रोह्याला असतं, माणगावला असतं, महाडला असतं.

बरं, मग आम्ही विकतो ती वस्तू हातची आहे का? हा प्रश्न स्टॉलवर दर वर्षी येतो. साचा आहे, हे खरं. पण साच्यातून बाहेर येतो तो गणपती सांध्यासांध्यांवर रेषा घेऊन येतो. त्या घासायच्या, सोंडेचं वळण साफ करायचं, पॉलिश पेपर मारायचा, मग अस्तर, मग अंगाचा रंग, शेडिंग, सोनेरी, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. पेणला आखणी करणारे कारागीर वेगळे असतात, हंगामात या कारखान्यातून त्या कारखान्यात जातात. आमच्याकडे आखणी आई करते. ती करताना घरात कुणी बोलत नाही. श्रद्धेचा भाग असेल, पण खरं कारण साधं आहे: हात हलला तर अख्खी मूर्ती फुकट. एकाच साच्यातले पन्नास गणपती असले तरी आईचे डोळे लोक ओळखतात.

२०२० सालाबद्दल बोलायलाच हवं. १२ मे २०२० रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मूर्ती विसर्जनाची सुधारित नियमावली काढली, त्यात प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी. याआधीची नियमावली २०१०ची. मे महिन्यात! तोवर पेणच्या शेड भरलेल्या असतात. दहा दिवसांत केंद्र सरकारनं एका वर्षाची सवलत जाहीर केली. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडावर आलं. आमच्या शेडचे पत्रे उडाले. त्या वर्षी बाबांनी हौसेनं शाडूच्या मूर्ती जास्त घेतल्या होत्या. पावसात भिजलेला शाडू कसा बसतो ते मी त्या दिवशी पाहिलं: आधी हात, मग सोंड, मग एक राखाडी ढीग. एकोणतीस मूर्ती. पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती, आणि लॉकडाउन होताच. त्यातच सरकारनं उंचीची मर्यादा घातली, मंडळांना चार फूट, घरगुती दोन फूट. मोठ्या मूर्ती करणाऱ्यांच्या शेडमध्ये पाच-सहा फुटी गणपती तसेच उभे राहिले.

बाबांनी पेणला फोन केला. कारखानदार काका म्हणाले, “माझेपन पत्रे गेलेत. यंदाचं राहू दे, पुढल्या वर्षी बघू.” लेखी काही नाही, व्याज नाही. त्यांनी स्वतः कुणाचं कर्ज थकवून आम्हाला ती मुदत दिली, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

आता २०२५. ३० जानेवारीला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की बंदीची कडक अंमलबजावणी करा. राज्य सरकारनं डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे हा विषय अभ्यासाला दिला. ९ जूनला न्यायालयानं प्लास्टरच्या मूर्ती करायला आणि विकायला परवानगी दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको. २४ जुलैला आणखी स्पष्ट झालं: सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच. चतुर्थी होती २७ ऑगस्टला. जानेवारी ते जून आमच्यासारख्या घरांनी पेणला ऑर्डर द्यायची की नाही हेच ठरत नव्हतं, आणि पेणच्या शेडमध्ये दिवाळीपासून ओतलेला माल उभा होता.

मी बंदीच्या विरोधात नाही. विसर्जनानंतर चार दिवसांनी कुंडलिकेच्या काठावर फिरलेलं कुणीही नसेल. प्लास्टर विरघळत नाही, हात-पाय-मुकुट काठाला लागतात, आणि ते बघून आईचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. डोळे तिनंच काढलेले असतात. माझी तक्रार तारखांची आहे. मूर्तीचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. निर्णय त्या आधी यायला हवा. नाहीतर नियम पाण्यासाठी केला जातो आणि त्याचा दंड मात्र शेवटचं घर भरतं.

गेल्या वर्षी आम्ही घरात भांडून एक गोष्ट केली. बाबांचं म्हणणं, प्लास्टरच स्वस्त, लोक तेच मागतात. आजी म्हणाली, “मग पाट मागा की लोकांकडं.” तिला ते इतकं सोपं वाटत होतं की आम्ही हसलो. पण मी आषाढात व्हॉट्सॲपवर निरोप टाकला: शाडूचा गणपती हवा असेल तर अर्धे पैसे आणि पाट आणून द्या. एक्केचाळीस नावं आली. त्यातल्या तिघांनी प्लास्टिकचे पाट आणले, चालतंय. बाबांनी एक्केचाळीस आणि वर सहा शाडूच्या मूर्ती घेतल्या, थोड्या प्लास्टरच्या स्टॉलसाठी ठेवल्या. वरच्या सहांना शेवटच्या आठवड्यापर्यंत रंग द्यायचा नाही असं ठरवलं होतं.

सहातल्या चार गेल्या. प्लास्टरच्या नऊ उरल्या, त्या कापडात गुंडाळून माळ्यावर गेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा रंग, पुन्हा तेच. शाडूच्या दोन उरल्या. प्राणप्रतिष्ठा नाही, रंग नाही, म्हणून आजीनं त्या नमस्कार करून पाण्याच्या टबात ठेवल्या. सकाळपर्यंत माती झाली होती. काकूनं ती ओल्या गोणपाटात बांधून ठेवली आहे, येत्या हंगामात मूर्तींच्या भेगा बुजवायला लागते. २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे, चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला. म्हणजे शाडू वाळायला अडीच आठवडे जास्त. बाबांनी पेणच्या काकांना फोन केला, यंदा साठ शाडूच्या सांगू का म्हणून. काका म्हणाले, “आधी पाट किती आले ते सांग.”